न्यूमोनिया छातीत, बाबा मात्र बसमध्ये : एमआरआयमध्ये डाग आलाय, कोणाला अनुभव?

चेंबूरची चिमणी | रविवार, रात्री ११:२०

झोप येत नाहीये म्हणून लिहितेय. लांबण लागणार, आधीच सांगते.

बाबा ७१ वर्षांचे. बेस्टमध्ये कंडक्टर होते, आणिक डेपोतून निवृत्त झाले. मधुमेह आहे, गोळ्यांवर आटोक्यात. सिगरेट सोडून पंधरा वर्षं झाली. गेल्या सोमवारी एकदम १०३ ताप, कोरडा खोकला आणि जुलाब. पावसाळा म्हटला की आपल्याकडे डेंग्यू नाहीतर मलेरिया. दोन्ही तपासले, दोन्ही निगेटिव्ह. बुधवारी धाप लागली, बोटावरचं ऑक्सिजनचं मशीन ८८ दाखवायला लागलं, ॲडमिट केलं. एक्स-रेत उजव्या फुप्फुसाच्या खालच्या भागात न्यूमोनिया. सलाईनमधून सेफ्ट्रिॲक्सोन हे अँटिबायोटिक सुरू झालं. इथपर्यंत मी शांत होते.

शुक्रवारी दिवेलागणीला बाबा बेडवर उठून बसले आणि शेजारच्या आजोबांना म्हणाले, "तिकीट? सुटे काढा, सुटे." आम्ही हसलो. मग ते थांबेचनात. "पुढे सरका, आत जागा आहे. दादर टीटी... चित्रा... परळ... भारतमाता... लालबाग..." जीभ जड, पण चाल तीच, लहानपणापासून ऐकलेली. मध्येच हात वर करून सलाईनची नळी दोनदा खेचली. बसमध्ये दोरी दोनदा ओढली की ड्रायव्हर गाडी सोडतो, डबल बेल. इथे सुई निघाली, चादरभर रक्त. सिस्टर धावत आल्या, हात बांधले. मी जवळ गेले तर माझ्याकडे बघून म्हणाले, "बाई, पास दाखवा."

रात्रपाळीचे डॉक्टर म्हणाले, स्ट्रोक असू शकतो. शनिवारी एमआरआय झाला. त्यात मेंदूच्या दोन अर्धांना जोडणाऱ्या पट्ट्याच्या मागच्या टोकाला डाग, आणि रिपोर्टच्या शेवटी प्रश्नचिन्ह लावून लिहिलंय 'मर्स'. आत्याने ते मोबाइलवर शोधलं आणि वॉर्डातच रडायला लागली. उंटांवरून येणारा तो आखातातला आजार! बाबा उंटाच्या जवळात जवळ गेले असतील ते मला जुहू चौपाटीवर फिरवायला नेलं होतं तेव्हा.

सोडियम १२१ आहे म्हणे. हा डाग जातो का? बाबा परत मला ओळखतील का? आणि एक लाजेची गोष्ट. चुलतभावाने तो सगळा प्रकार शूट करून घरच्या ग्रुपवर टाकलाय. खाली हसणारे चेहरे.

मालवणी मसाला | रविवार, रात्री ११:४१

चिमणे, धीर सोडू नको. आमच्या लहानपणी याला सन्निपात म्हणत. ताप डोक्यात गेला की माणूस बरळायचा, घरातली जाणती माणसं रात्रभर कपाळावर घड्या ठेवत बसायची. माझे आजोबा तापात रात्रभर होडी वल्हवत होते, सकाळी पेज मागितली. गावी एक नारळ मात्र ठेवून घे, गाऱ्हाणं घालून घे. डॉक्टरही करा, तेही करा.

काळीपांढरी | सोमवार, रात्री १२:३०

मी फिल्म वाचतो, पेशंट तपासत नाही, तेव्हा तेवढ्यापुरतंच बोलतो.

डाव्या-उजव्या मेंदूला जोडणारा जाड पट्टा म्हणजे कॉर्पस कॅलोसम. त्याचं मागचं गुबगुबीत टोक म्हणजे स्प्लेनियम. त्याच्या ऐन मध्यावर एकच अंडाकृती डाग, एमआरआयच्या डिफ्यूजन नावाच्या चित्रात पांढराशुभ्र, शिरेतून रंग सोडला तरी न उजळणारा असा दिसला की आमचा पहिला प्रश्न असतो, पेशंटला ताप आहे का. कधीकधी अख्खं टोकच उजळतं, त्याला आमच्यात बूमरँग म्हणतात. स्ट्रोकही डिफ्यूजनमध्ये असाच चमकतो. पण स्ट्रोक एखाद्या रक्तवाहिनीची हद्द पाळतो, बहुतेक वेळा एका बाजूला असतो. हा पठ्ठ्या मधल्या रेषेवर बसतो. रात्रपाळीच्या डॉक्टरांना स्ट्रोक वाटला यात त्यांची चूक नाही. मधुमेही माणसाची जीभ अचानक जड झाली की आधी तोच वगळायचा असतो.

आता उंटाबद्दल. मर्स हे नाव २००४ मध्ये जपानी डॉक्टरांनी १५ पेशंट एकत्र मांडून दिलं. सौम्य मेंदूज्वर, सोबत स्प्लेनियममधला भरून येणारा डाग, असा त्याचा अर्थ. आखातातला विषाणू सापडला २०१२ मध्ये आणि त्यालाही नेमकी तीच आद्याक्षरं मिळाली. दोघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. 'भरून येणारा' हे नावातच आहे, ते आत्यांना दाखवा.

हा डाग म्हणजे तिथल्या पेशींत तात्पुरतं पाणी शिरून आलेली सूज. फ्लू, डेंग्यू, मायकोप्लाझ्मासारखा न्यूमोनियाचा जंतू, रक्तातली साखर फार उतरणं, फिट्सची गोळी एकाएकी बंद करणं, कशानेही दिसू शकतो. म्हणजे डाग हा आजार नव्हे. कारण दुसरीकडे शोधायचं असतं.

उलटतपासणी | सोमवार, सकाळी ७:५५

एक शंका. न्यूमोनियाचे जंतू छातीत. तिथून मेंदूत पोचले असतील तर ते 'सौम्य' कसं? आणि पोचले नसतील तर डाग कशाचा? रिपोर्ट न बघता इथे सगळे आनंदीआनंद करतायत.

नाडीपरीक्षा | सोमवार, सकाळी ८:४०

रास्त शंका आहे. फिजिशियन आहे, राऊंडला निघण्याआधी लिहितो.

जंतू मेंदूत जावेच लागतात असं नाही. अशा पेशंटच्या पाठीतलं पाणी काढून तपासलं तर ते बहुतेक वेळा स्वच्छ निघतं. मेंदूपर्यंत पोचते ती जंतूंशी चाललेल्या लढाईची धग. शरीर जी दाहक रसायनं सोडतं ती रक्तातून सगळीकडे फिरतात. त्यात सोडियम उतरलं की पेशींत पाणी शिरायला वाट मोकळी. ऑक्सिजन कमी पडला तो वेगळाच. स्प्लेनियमच का, यावर तज्ज्ञांची मतं वेगवेगळी आहेत. तिथल्या पेशींवर या रसायनांना प्रतिसाद देणारी केंद्रं जास्त आहेत, हे एक कारण सांगितलं जातं.

आणि गोंधळ उडायला डाग असावाच लागतो असंही नाही. वय झालेल्या माणसाला न्यूमोनियात भ्रम होणं इतकं नेहमीचं आहे की आजाराची तीव्रता मोजायचं आमचं जे कोष्टक आहे, कर्ब-६५, त्यातलं पहिलं अक्षरच गोंधळाचं (सी म्हणजे कन्फ्युजन). त्यानंतर युरिया, श्वासाचा वेग, रक्तदाब आणि पासष्टीच्या पुढचं वय. कित्येकदा खोकल्याआधी बडबडच सुरू होते आणि घरचे आधी मानसोपचारतज्ज्ञाकडे जातात.

चिमणीताई, तुमच्या पोस्टमधल्या काही गोष्टींनी माझे कान टवकारले. कोरडा खोकला, सोबत जुलाब, सोडियम १२१ (१३५ च्या वर हवं), आणि सेफ्ट्रिॲक्सोन चालू असताना बिघडत जाणं. ताप १०३ असताना नाडी किती होती? (एवढ्या तापात ती जलद हवी.) लिव्हरचे आकडे वाढलेत का? लघवीची लीजनेला (न्यूमोनियाचाच एक जंतू) तपासणी पाठवली आहे का, एवढं तुमच्या डॉक्टरांना विचारा. त्यांनी कदाचित पाठवलीही असेल. इथून निदान करत नाहीये.

रात्रपाळी | सोमवार, दुपारी १:१५

आयसीयूत नर्स आहे, अठरा वर्षं. ताई, हात बांधल्याचं मनाला लावून घेऊ नका, पण ते कायम बांधून ठेवूही देऊ नका. बांधलेला माणूस जास्त चवताळतो. तुमच्यापैकी एक जण शेजारी बसत असेल तर सिस्टरला तसं सांगा, बहुतेक जणी सोडतात. सलाईनच्या जागेवर क्रेप बँडेज गुंडाळून घ्या आणि नळी त्यांच्या नजरेआड, बाहीतून वर घ्या. दोरी दिसलीच नाही तर ओढणार कशी?

चष्मा लावतात का? कानाचं मशीन आहे का? दोन्ही घरून आणा. ॲडमिशनच्या धावपळीत या वस्तू कपाटात राहतात आणि मग माणसाला धड दिसत नाही, ऐकू येत नाही. समोर मोठं घड्याळ हवं. दिवसा पडदा उघडा, रात्री दिवा मंद. माणसं बदलत राहू नका, दोनच ठेवा.

ते बस चालवत असतील तर "बाबा, ही बस नाही हो!" असं ओरडून वाद घालायचा नाही. आणि "हो हो, दोन लालबाग द्या" असं म्हणून सामीलही व्हायचं नाही. शांतपणे सांगायचं, आज सोमवार आहे, तुम्ही हॉस्पिटलमध्ये आहात, मी तुमची मुलगी. शंभरदा सांगावं लागेल. संध्याकाळी जास्त बिघडतं, सकाळी सावरतं, पुन्हा संध्याकाळी तेच. चढउतार हीच या भ्रमाची खूण आहे.

आणि आरडाओरडा करणारे परवडले. जे गपचूप पडून छताकडे बघत राहतात, त्यांना सगळे 'शांत पेशंट' म्हणतात आणि त्यांचा भ्रम कोणाच्या लक्षातच येत नाही.

अर्धी भाकर | सोमवार, दुपारी ३:०२

माझी मुलगी ९ वर्षांची होती तेव्हा हेच. मायकोप्लाझ्माचा न्यूमोनिया, पाचव्या दिवशी म्हणाली, भिंतीवरून मुंग्या तिची चित्रकलेची वही नेतायत. एमआरआयमध्ये त्याच जागी डाग. तीन दिवसांत ठीक झाली. पंधरवड्याने पुन्हा एमआरआय केला तर कोरी पाटी. आता दहावीला आहे, गणितात ९४. (एवढं लिहिण्याचा मोह आवरला नाही.)

भुईनळा | सोमवार, संध्या. ६:२०

कोणाला घाबरवायचं नाही, पण दुसरी बाजूही सांगायला हवी. माझ्या मामांना न्यूमोनियात असंच बरळायला झालं. आम्ही दीड दिवस 'ताप डोक्यात गेलाय' म्हणून घरीच बसलो. तो न्यूमोकॉकस नावाचा जंतू होता आणि तो खरंच मेंदूच्या आवरणापर्यंत गेला होता. मान ताठ झाली होती, उजेड सहन होत नव्हता, आमच्या लक्षात आलं नाही. जीव वाचला, एका कानाने ऐकू येणं गेलं ते गेलंच. तात्पुरतं आहे की नाही हे तपासण्या झाल्यावर कळतं, आधी नाही.

नाडीपरीक्षा | सोमवार, रात्री १०:१०

भुईनळा, हे लिहिलंत ते बरं केलंत. म्हणूनच मान ताठ असेल किंवा शंका असेल तर पाठीतलं पाणी तपासतात. लोक त्या सुईला विनाकारण घाबरतात, 'पाणी काढलं की माणूस अधू होतो' ही समजूत अजून आहे.

कधीकधी औषधही कारण असतं. सेफेपिम नावाचं अँटिबायोटिक किडनी कमकुवत असलेल्या माणसाला नेहमीच्या डोसमध्येही भ्रमात पाडू शकतं.

चेंबूरची चिमणी | मंगळवार, रात्री ९:३५

सगळ्यांचे आभार, एकेकाला उत्तर देण्याइतकं त्राण नाही.

नाडीपरीक्षा डॉक्टर, तुम्ही विचारलंत ती तपासणी आमच्या मॅडमनी शनिवारीच पाठवली होती. पॉझिटिव्ह. लीजनेला. ताप १०३ असताना नाडी ८० च्या आसपास होती, फाइलवर लिहिलंय, लिव्हरचे आकडेही वाढलेत. शनिवारी रात्रीच लिव्होफ्लॉक्सॅसिन हे दुसरं अँटिबायोटिक सुरू केलं होतं. पाठीतलं पाणी स्वच्छ आलं. सोडियम हळूहळू चढवतायत. भाऊ म्हणाला, एकदम मिठाचं सलाईन लावून का टाकत नाहीत? मॅडमनी त्याला चांगलंच समजावलं.

आज सकाळी बाबांनी मला नावाने हाक मारली. आधी पास मागितला, पण मग नावाने हाक मारली.

या लीजनेलाबद्दल कोणी सांगेल का? घरात दोन लहान मुलं आहेत, त्यांना लागण होईल का? बाबांना झाला कुठून?

नाडीपरीक्षा | बुधवार, सकाळी ७:१०

मुलांची काळजी नको. हा माणसाकडून माणसाला होत नाही म्हटलं तरी चालेल. पाण्यात वाढतो आणि बारीक तुषारांतून श्वासावाटे छातीत जातो. शॉवर, मोठ्या एसीचे कूलिंग टॉवर, कारंजी. कोमट पाणी त्याला मानवतं, साधारण २० ते ४५ अंश, आणि साचलेलं, गाळ असलेलं असेल तर अधिकच. लागण झाल्यापासून साधारण दोन ते दहा दिवसांत ताप येतो, क्वचित थोडं उशिरा. पन्नाशीपुढचे, सिगरेट ओढणारे किंवा ओढलेले, मधुमेही, फुप्फुसाचे जुने आजार असलेले हे त्याचं सोपं सावज.

नावाची गोष्ट अशी. १९७६ च्या जुलैत फिलाडेल्फियात अमेरिकन लीजन या माजी सैनिकांच्या संघटनेचं अधिवेशन एका मोठ्या हॉटेलात भरलं होतं. त्यानंतर दोनशेहून जास्त माणसं आजारी पडली, ३४ दगावली. जंतू सापडायला जानेवारी १९७७ उजाडला. माजी सैनिकांना झाला म्हणून त्याचं नाव लीजनेला.

सेफ्ट्रिॲक्सोन का चाललं नाही? हा जंतू आपल्याच संरक्षक पेशींच्या पोटात लपून वाढतो. ते औषध तिथे पोचत नाही. ॲझिथ्रोमायसिन आणि लिव्होफ्लॉक्सॅसिन आत शिरतात. न्यूमोनियाच्या जंतूंमध्ये मेंदूला सगळ्यात जास्त छळणाऱ्यांत हा आहे. बडबड, तोल जाणं, जीभ जड होणं. सोडियमही हा हमखास उतरवतो.

आणि मॅडमनी भावाला समजावलं ते योग्यच. सोडियम चोवीस तासांत ८ ते १० च्या वर चढवायचं नसतं. घाई केली तर मेंदूच्या देठातल्या मज्जातंतूंची आवरणं सोलवटतात, आणि ती इजा मात्र 'भरून येणारी' असेलच असं नाही.

टाकीवाला | बुधवार, सकाळी ९:००

तेरा वर्षं सोसायटीचा सेक्रेटरी आहे, तेव्हा यावर बोलायचा हक्क बजावतो. गच्चीवरची टाकी वर्षातून दोनदा साफ करायची असा ठराव दर वार्षिक सभेत एकमताने पास होतो आणि वर्गणीची वेळ आली की एकमत गायब. आमच्या टाकीत मागच्या मे महिन्यात घोट्याएवढा गाळ निघाला. त्याचे फोटो नोटीस बोर्डावर लावले तेव्हा कुठे पैसे जमले.

दुसरं, बिल वाचवायला लोक गिझर ४०-४५ वर ठेवतात. पाणी ६० पर्यंत तापू द्यावं, अंगावर घेताना गार पाणी मिसळावं. बरेच दिवस बंद असलेल्या घरातला, लॉजमधला शॉवर लगेच डोक्यावर घेऊ नये. आधी गरम पाणी दोन-चार मिनिटं वाहू द्यावं आणि आपण बाहेर उभं राहावं. चिमणीताई, बाबा मधे कुठे गावाला गेले होते का?

चेंबूरची चिमणी | बुधवार, सकाळी ११:२५

आधीच्या आठवड्यात डेपोतल्या मित्रांबरोबर चार दिवस फिरायला गेले होते, लॉजमध्ये राहिले. आमच्या गिझरचा काटाही ४० वरच होता, कारण बिल बाबाच भरतात. आता कोणाला दोष देणार?

उलटतपासणी | बुधवार, दुपारी १२:१०

माझ्या शंकेचं उत्तर मिळालं, माघार घेतो. व्हिडिओबद्दल मात्र कोणीच बोललं नाही. ज्याने टाकला त्याला ग्रुपवरच खडसवा आणि सगळ्यांच्या फोनमधून काढायला लावा. भ्रमातल्या माणसाने 'शूट कर' असं म्हटलेलं नसतं.

मालवणी मसाला | बुधवार, दुपारी १:३०

अरे, पोर हसलं असेल घाबरून. आमच्यात मयतीलाही हसू फुटतं माणसाला. खडसवून काय, नातं तुटेल.

रात्रपाळी | बुधवार, रात्री ११:५०

व्हिडिओ काढणं एकाच कामासाठी ठीक. डॉक्टर राऊंडला येतात तेव्हा पेशंट नेमका शहाण्यासारखा बोलतो, मग रात्रीचं दाखवायला उपयोग होतो. डॉक्टरांना दाखवायचा आणि पुसून टाकायचा.

बरे झाल्यावर बाबांना काय झालं होतं ते सांगा, लपवू नका. अनेकांना तुटकतुटक आठवतं, आपण वेडे झालो होतो असं वाटून ती माणसं आतल्या आत कुढतात. पण सांगणं वेगळं आणि व्हिडिओ दाखवणं वेगळं.

चेंबूरची चिमणी | तीन आठवड्यांनी, रविवार, संध्या. ७:०५

धागा वर काढतेय. बाबा दोन आठवड्यांपूर्वी घरी आले. छाती साफ होतेय. सोडियम १३७. परवा पुन्हा एमआरआय झाला. डाग नाही. काळीपांढरी, तुमची आठवण काढली. आत्याने रिपोर्ट देवापुढे ठेवलाय, मालवणी मसाला काकू, नारळही दिला.

सगळं पहिल्यासारखं झालं असं नाही. चालताना अजून थोडे डावीकडे झुकतात, जिना उतरताना कठडा धरावा लागतो. मॅडम म्हणाल्या, या जंतूत तोल सावरायला डागापेक्षा जास्त वेळ लागू शकतो, फिजिओथेरपी चालू ठेवा. दुपारी थकून झोपतात. पुढच्या महिन्यात न्यूमोकॉकसची लस द्यायची आहे. लीजनेलावर लस नाही, हेही त्यांनीच सांगितलं.

व्हिडिओचं काय झालं ते सांगायचं होतं. मी चुलतभावाला शांतपणे सांगितलं, त्याने ग्रुपवरून काढला, माफीही मागितली. पण बाबाही त्याच ग्रुपमध्ये आहेत हे आम्ही सगळेच विसरलो होतो. त्यांच्या फोनमध्ये तो आधीच उतरला होता. गुरुवारी मी चहा घेऊन गेले तर चष्मा लावून, फोन कानाजवळ धरून बघत होते. माझ्या पोटात गोळा आला. त्यांनी पूर्ण बघितला, मागे नेला, पुन्हा बघितला.

मग म्हणाले, "चित्रानंतर एकदम परळ? मधलं हिंदमाता कुठे गेलं?"

मी गप्प.

"पाणी भरलं असणार तिथे," बाबा म्हणाले. "गाडी वळवली असेल."

काळीपांढरी | रविवार, रात्री ८:१५

वळवलेल्या गाडीचं तिकीट तेच राहतं का, तेवढं विचारून सांगा.

चेंबूरची चिमणी | रविवार, रात्री ८:४०

विचारलं. म्हणाले, तेच. पण सुटे द्या.